बर्फ बघायला आलेली माणसं

बहारीनमध्ये बर्फ पडतो. ऑगस्टमध्ये पडतो, आणि सित्रामधल्या आमच्या कंपनीच्या कोल्ड स्टोअरमध्ये पडतो. हे मी घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आमच्या हिने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि मग एसी वाढवला.

त्यात चमत्कार काही नाही. आतल्या खोलीत उणे अठरा, बाहेर समुद्रावरून येणारी ओली, चिकट हवा, आणि मधल्या जाड दाराचं रबर झिजलेलं. दार नीट मिटतच नाही. फटीतून शिरलेली हवा छताशी गोठते आणि भुरभुर खाली येते. मटणाच्या खोक्यांवर, रॅकवर, आत काम करणाऱ्यांच्या भुवयांवर. खाली पडून तिचा थर होतो, थराचा दगड होतो, आणि तो दगड रोज फावड्याने खरवडावा लागतो. नाहीतर ट्रॉली घसरते आणि तिच्यामागचा माणूसही.

हे काम ज्यांच्या हाताखाली चाले त्यांना सगळे आबा म्हणत. मी त्याच कंपनीत ॲडमिन ऑफिसर. म्हणजे काय, तर ज्याच्या टेबलावर कागद येतात आणि राहतात, तो. आबांना गावी परत जाऊन आता दोन वर्षं होतील, पण त्यांची आठवण निघाली की अजून माझं डोकं तापतं. कुणावर, ते सांगतोच.

आबा माण तालुक्यातले. त्यांच्या गावात चार थेंब पडले तर लोक आभाळाकडे संशयाने बघतात. अशा गावचा हा माणूस विशीत घर सोडून गेला तो थेट हिमालयात, डोंगरातले रस्ते उघडे ठेवणाऱ्या सरकारी खात्यात. आधी हातात फावडं, मग डोझर. बावीस हिवाळे त्यांनी एकाच खिंडीतला बर्फ काढला. पडायचा, काढायचा, पुन्हा पडायचा. नंतर बहारीनला आले ते क्रेन चालवायला. पण एकदा कोल्ड स्टोअरचं दार उघडं दिसलं, आतली वाफ अंगावर आली, आणि "हितं माजं काम हाय" म्हणून ते तिथेच राहिले. पन्नाशी उलटलेला, काटकुळा, नाकाचा शेंडा कायमचा काळा पडलेला माणूस. ते नाक एका हिवाळ्यात जाणारच होतं म्हणे. जोडीदाराने वेळेवर पाहिलं म्हणून राहिलं.

जोडीदार हा आबांच्या धर्माचा पहिला नियम. बर्फात माणसाला स्वतःचं नाक दिसत नाही. ते पांढरं पडलं, बधिर झालं, हे समोरच्यालाच दिसतं. म्हणून बर्फात एकट्याने जायचं नाही. दोघांनी जायचं आणि घटकेघटकेने एकमेकांच्या नाकाकानांकडे बघायचं. सित्रामध्येही ते हेच करून घेत. आत जाण्याआधी नऊ माणसं रांगेत उभी, प्रत्येकाने आपलं नाव मोठ्याने घ्यायचं, जोड्या पाडायच्या. सुटा राहील त्याचे जोडीदार आबा स्वतः. बाहेर आल्यावर पुन्हा नावं, आणि मग जोडीतल्या दोघांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांचं तोंड न्याहाळायचं. धिप्पाड गुरुंग आणि हाडकुळा महादेव असे टक लावून उभे असलेले मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटलं, आता मारामारी होणार. मी लांबूनच परत फिरलो. मी तसा मारामारीत न पडणारा माणूस आहे.

हे खूळ गोदामाबाहेरही यायचं. आमच्या मराठी मंडळाच्या सहलीची बस हमद टाउनहून निघायची, तर आबा दारात उभे.

"नाव बोला."

"अहो आबा, दहा वर्षं ओळखता मला!"

"मी वळकतो. बर्फ वळकत न्हाई."

बाहेर डांबर वितळत असायचं. एकदा जूनमध्ये त्यांनी भर पार्किंगमध्ये माझे दोन्ही कान धरून उजेडाकडे वळवले. मी म्हटलं, "आबा, उन्हाने लाल झालेत ते." तर म्हणाले, "लाल बरं. लाल म्हंजे जित्ता हाय."

कामगारांच्या कॅम्पातल्या त्यांच्या खोलीत पलंगाच्या उशाशी एक फावडं असायचं. खोलीतले बाकीचे रोज त्याला ठेचकाळायचे. "आबा, बाहेर ठेवा की ते!" तर आबांचं म्हणणं असं की फावडं घरातच ठेवायचं असतं. बाहेर ठेवलं तर सकाळी फावडं बर्फाखाली आणि तुम्ही दाराआड. मग ते काढायला दुसरं फावडं कुठून आणणार? यात चूक काही काढता येत नसे. फक्त दाराबाहेर वाळू होती, एवढंच.

खिंडीखालच्या एका गावाची गोष्ट मात्र ते सांगायला लागले की कुणी हसत नसे. मातीची सपाट छतं. मोठा बर्फ पडला की छत वजनाने खाली येतं, घरातल्या माणसांसकट. म्हणून उजाडताच सगळं गाव लाकडी फावडी घेऊन वर चढतं. पण आपल्या छतावर नाही. ज्या घरात हातपाय चालणारं माणूस नाही, त्या घराचं छत पहिलं. मग गोठे. मग पाण्याची वाट. आपापलं छत सगळ्यात शेवटी.

"आणि कुणी आधी आपलंच झाडलं तर?" मी एकदा विचारलं. असे प्रश्न मला बरोबर सुचतात.

आबा म्हणाले, "त्याला कुनी शिवी देत न्हाई. फकस्त त्याच्या छतावरनं खाली गल्लीत जेवडा बर्फ पडला, तेवडी गल्ली त्यो एकटा साफ करतो. आन् गाव हुभं ऱ्हाऊन बगतं."

या माणसाला हिवाळ्यात फोनवर डोंगरातल्या सहलींचे व्हिडिओ कुणी दाखवू नयेत. बर्फात अडकलेल्या गाड्यांची रांग, आणि गाड्यांतून उतरून नाचणारी मंडळी. आबांचा आवाज चढायचा. "मागं आजारी मानसाची गाडी हुभी, म्होरं ह्ये नाचत्यात! बर्फ काय बगायची वस्तू हाय? बर्फ काडायचा असतो!"

आणि माणसं ते बर्फावरच तोलायचे. हा चालंल, हा न्हाई चालणार. मी एकदा उगाच विचारलं, "आबा, मी?" त्यांनी मला खुर्चीसकट न्याहाळलं. "तुमी बसनारं, भाऊसाहेब." बर्फात माणूस मरतो तो चालताना नाही, दमून जरा टेकतो, त्याला बरं वाटायला लागतं, उबदार वाटतं, आणि तो उठत नाही. "वाईट न्हाई तुमी," आबा समजूत घालत म्हणाले, "पर बसनारं."

मी हे घरी गंमत म्हणून सांगितलं. ही हसली नाही. "बरोबर ओळखलंय," म्हणाली.

आता मुद्द्यावर येतो. आत काम करणारी माणसं नऊ, आणि उणे अठरात घालायची जाड जॅकेटं तीन. तिघांनी ती घालून आत जायचं, खोकी उचलून घामेजून बाहेर यायचं, आणि तीच ओली जॅकेटं पुढच्या तिघांनी चढवून आत शिरायचं. ओलं अस्तर आत गोठतं. आबा म्हणायचे, ओल्या कापडातल्या माणसापेक्षा उघडा बरा, त्याला थंडी निदान कळते तरी.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी (इथे सुट्टी शुक्रवारी, रविवारी कामाचा दिवस) ते माझ्याकडे अर्ज घेऊन यायचे. एकाच ओळीचा. नऊ जॅकेटं द्यावीत. मी तो आमच्या मॅनेजरकडे न्यायचो. मॅनेजर ठाण्याचे. मराठी माणूस. याचा मला वेगळा राग आहे.

"अरे, बाहेर लोकांचा गरमीने जीव चाललाय," ते म्हणाले, "आणि यांना गल्फमध्ये स्वेटर हवेत? दहा मिनिटं आत, दहा मिनिटं बाहेर. बाहेर आले की शेकून निघतातच की!"

मी हसलो. हे लिहून ठेवलंच पाहिजे, की मी हसलो. आणि अर्ज ट्रेमध्ये ठेवला. असे तेरा अर्ज झाले. मी ते तारखेप्रमाणे लावून, टाचणी मारून ठेवले होते. व्यवस्थितपणाबद्दल माझं नाव आहे.

चौदाव्या अर्जाच्या वेळी आबांनी महादेवला बरोबर आणलं. महादेव चिपळूणकडचा, चाळिशीचा, बर्फ खरवडण्यात सगळ्यात जुना. त्याला शर्टाचं बटण लावता येईनासं झालं होतं. आबा म्हणाले, "दाखव." त्याने उजवा हात माझ्या टेबलावर ठेवला. दोन बोटांचे शेंडे मेणबत्तीसारखे दिसत होते.

"दुखतं का?" मी विचारलं.

"दुखत नाय साहेब. तोच तर घोळ हाय. काय समजतच नाय."

आबांनी माझ्या अर्जांची टाचणी उपसली आणि त्याच्या बोटाच्या शेंड्यात खुपसली. महादेव माझ्यामागचं कॅलेंडर बघत होता. तो बघतच राहिला. ओरडलो मी.

"भाऊसाहेब," आबा म्हणाले, "वरडायला त्यानं पायजे. तुमी काय वरडताय?"

मी महादेवला डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरांनी सांगितलं, हात कोरडा आणि अंग उबदार ठेवा. असंच चालू राहिलं तर ही दोन बोटं राहणार नाहीत. मी ती चिठ्ठी मॅनेजरना दाखवली. ते म्हणाले, बघू या. मग मी ती चिठ्ठी चौदाव्या अर्जाला जोडली. त्याच टाचणीने.

आणि मग ऑगस्टमध्ये मी आतल्या बर्फाचा एक फोटो काढला. भुरभुरता, दिव्याच्या उजेडात चमकणारा. हिला दाखवला. हिने तो मंडळातल्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अख्ख्या बहारीनमधल्या मराठी मुलांनी बर्फ पाहिलेला नाही ही एक मोठी सामाजिक समस्या होऊन बसली. मॅनेजरांच्या मिसेस त्या ग्रुपवर होत्याच.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर माझ्या टेबलाशी. "शुक्रवारी फॅमिलीज घेऊन येऊ. अर्धा तास. मुलं खूश होतील. पण जॅकेटं हवीत हं. मुलांना सर्दी झाली तर ही मला घरात घेणार नाही."

मी दोन दिवसांत बारा जॅकेटं आणली. पुन्हा सांगतो, दोन दिवसांत. दुकानात जाऊन अस्तर हाताने चाचपून पाहिलं, टोपी स्वतः घालून बघितली, चार दिवसांत परत करायच्या बोलीवर सगळी गाडीत घातली. तेव्हा मला काही वाटलं का? वाटलं तर. निळा रंग फोटोत छान येईल असं वाटलं.

शुक्रवारी मंडळी जमली ती माझ्यासकट पंधरा. तीन जॅकेटं कमी पडली. मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी आतल्या बाजूला गेलो. तीन जण नुकतेच बाहेर आले होते, त्यांत महादेव.

"महादेव, दहा मिनिटांचा प्रश्न आहे रे. दे जरा."

त्याला चेन उघडता येईना. बोटं साथ देत नव्हती. मग मीच त्याच्या अंगावरच्या जॅकेटची चेन उघडली आणि ते काढून घेतलं. दुसऱ्या दोघांनीही आपापली दिली. महादेवचं मी स्वतः घातलं. पाठीला ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखं झालं, आणि आत पाऊल टाकताच ते फडकं ताठ झालं. चौदा महिने ज्याबद्दलचे कागद मी नीट लावत होतो ते काय असतं, हे मला अर्ध्या मिनिटात कळलं. पण परत फिरायची लाज वाटली. लोक काय म्हणतील!

दाराशी कंटेनर लागलेला होता, त्यामुळे काम थांबणार नव्हतं. माणसं शर्टावर रिकामी पोती गुंडाळून आतबाहेर करत होती.

आबांनी हे सगळं पाहिलं. त्यांनी पाहुण्यांना रांगेत उभं केलं. "नाव बोला." मॅनेजरांची आर्या जॅकेटमध्ये घोट्यापर्यंत बुडाली होती, ती किंचाळून नाव बोलली. मग जोड्या. मग एकमेकांची नाकं. सगळ्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. "काय मजेशीर आहेत हो तुमचे आबा!" एक वहिनी मला म्हणाल्या.

आत एकच गलका. "बाबा, इट्स रिअल!" एकीने स्नोमॅनच्या नाकासाठी घरून गाजर आणलं होतं. पण हा बर्फ कोरडा, साखरेसारखा. मुठीत धरला की विस्कटतो. शेवटी ते गाजर कोळंबीच्या खोक्यात खोचून त्याचे फोटो निघाले. एक जोडपं ट्रॉलीच्या वाटेत उभं राहून सेल्फी घेत होतं. महादेव ट्रॉली धरून मागे थांबला, अंगावर पोतं.

"साइड प्लीज, मॅडम."

"अरे हो हो. भैया, आमचा एक फोटो काढता? दोघांचा?" आणि त्या बाईंनी त्याच्या हातात फोन दिला.

महादेवने फोन धरला. बोट ठेवलं. फोटो निघेना.

"दाबा ना, दाबा."

"दाबतोय मॅडम."

"जोरात दाबा हो!"

तो दाबत होता. त्याला कळत नव्हतं आणि फोनलाही कळत नव्हतं की तिथे बोट आहे. बाई हसत होत्या, केसांवरचा बर्फ सावरत. मी चार पावलांवर महादेवचं जॅकेट घालून उभा होतो.

आबांनी पुढे होऊन त्याच्या हातातून फोन घेतला आणि बाईंना परत दिला. "खलास. बर्फ बगून झाला. यल्ला, भाईर."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की मॅनेजरसकट सगळे बाहेर आले. बाहेरच्या खोलीत आबांनी प्रत्येकाच्या अंगातलं जॅकेट स्वतः उतरवून घेतलं, अगदी अदबीने, लग्नात पाहुण्यांचा आहेर घ्यावा तसं. टेबलावर ती पालथी पसरली. खोक्यांवर नंबर टाकायचा जाड काळा मार्कर घेतला आणि पहिल्या जॅकेटच्या पाठीवर वीतभर अक्षरांत लिहिलं: महादेव. दुसऱ्यावर: गुरुंग. मग शाजी. मग रहीम. नऊ नवीन जॅकेटं, नऊ नावं. एकेकाला हाक मारली. माणसं पोती काढून पुढे आली, "हाजिर" म्हणाली, आणि आबांनी प्रत्येकाला जॅकेट चढवलं. महादेवची चेन त्यांनी हनुवटीपर्यंत ओढून दिली.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. त्यांना वाटलं, कंपनीने कामगारांसाठी हा समारंभ ठेवलाय. एक वहिनी तर डोळे पुसत होत्या. मॅनेजरांच्या मिसेस नवऱ्याकडे इतक्या कौतुकाने बघत होत्या की त्या माणसालाही टाळ्या वाजवाव्या लागल्या.

उरलेली तीन नवी जॅकेटं घडी करून आबांनी मॅनेजरांपुढे धरली. "ही जास्तीची हायत, सायेब. न्या परत."

रविवारी मॅनेजरांनी मला आत बोलावून दार लावलं. शिस्तभंग, कंपनीच्या मालाचं नुकसान, पाहुण्यांसमोर अपमान. आबांचा करार दीड महिन्यात संपत होता. तो पुढे वाढवायचा नाही. "पत्र कर," म्हणाले. मी म्हणालो, "सर, पण तो महादेव..." ते म्हणाले, "पत्र, आज." मी पत्र केलं. समास दोन्हीकडून सारखे सोडले.

आबा माझ्या टेबलाशी आले. पत्र इंग्रजीत होतं. मी ते त्यांना मराठीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"म्हादेवाच्या अंगावरचं काडून घेनार काय?"

"नाही आबा. नावं लिहिलीत. दुकानदार परत घेत नाहीये."

"मग झालं." त्यांनी सही केली. पेन टोपण लावून परत ठेवलं. मला वाटलं, आता जातील. पण ते उभेच राहिले. आवाज त्यांनी चढवला नाही, आणि म्हणूनच इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांची भीती वाटली.

"चौदा म्हयनं कागद तुमच्याकडं हुता," ते म्हणाले. "आन् दोन दिसांत बारा आनलीत. म्हंजे तुमाला येत हुतं, भाऊसाहेब."

एवढं बोलून गेले. दीड महिन्याने मुहर्रकच्या विमानतळावर सोडायला मी गेलो नाही. त्या दिवशी ऑफिसात काम होतं. रोजच असतं.

महादेवची बोटं राहिली. शेंडे अजून बधिर आहेत, चहाचा ग्लास तो डाव्या हाताने धरतो, पण दहाही बोटं आहेत. जॅकेटंही आहेत. आणि गेल्या वर्षी हेड ऑफिसातून कुणीतरी पाहणीला आलं, त्यांना पाठीवर नावं लिहिलेली ती नऊ माणसं फार आवडली. फोटो काढला. आता तो मोठा करून, फ्रेम लावून रिसेप्शनमध्ये टांगलाय: निळ्या पाठी, काळी नावं, वर सोनेरी अक्षरांत कंपनीला आपल्या माणसांची किती काळजी आहे ते. मॅनेजरांना त्याबद्दल शाबासकी मिळाली. प्रत्येक पाहुण्याला ते त्या फोटोपुढे थांबवतात. दाराचं रबर अजून तेच आहे.

गेल्या महिन्यात एक बाई आल्या होत्या, मोठ्या गिऱ्हाइकाकडच्या. बराच वेळ फोटो बघत राहिल्या. "प्रत्येकाच्या पाठीवर त्याचं स्वतःचं नाव," त्या म्हणाल्या. "किती साधी गोष्ट, पण सुचायला हवी. कुणाची कल्पना?"

"आमच्या ॲडमिनची," मॅनेजर म्हणाले आणि हसत माझ्याकडे बोट केलं.

सगळे माझ्याकडे वळले. काही कागद द्यायला महादेव वर आला होता, तोही दारात उभा होता. ज्याची ती कल्पना, त्या माणसाचं नाव माझ्या तोंडात आलं होतं. अगदी ओठापर्यंत. दोन अक्षरं, बोलायला किती वेळ लागतो?

मी म्हणालो, "टीमवर्क."